काकू बसायला आल्या

काकूंच्या दिवाणखान्यातलं घड्याळ सकाळी सातला एकचा ठोका द्यायचं. खोल्या बघायला मी पहिल्यांदा त्यांच्याकडे गेलो तेव्हा मला वाटलं, घड्याळ बिघडलंय आणि दुरुस्त करून आणायला घरात कुणी नाही. मी पडलो बँकेतला माणूस, वेळेच्या बाबतीत जरा कडक. परोपकाराचा आव आणून म्हणालो, "काकू, टॉवर चौकात देऊ का दुरुस्तीला? मी रोज तिकडूनच जातो."

"कशाला? चांगलं चालून राहिलं आहे की," त्या म्हणाल्या. "दिवस उजाडला की पहिला तास सुरू. तो संपला की एक वाजला. यात बिघडलं काय?"

मी खोल्यांऐवजी त्यांच्याकडे बघत राहिलो. पंचाहत्तरीच्या आसपासची, ठेंगणी, काळीसावळी बाई. नेसण साधी सुती साडी, पण खांद्यावरून कमरेपर्यंत भडक पिवळ्या रंगाचं एक सुती कापड गुंडाळलेलं, त्यावर काजूची चित्रं. त्या कापडाला कांगा म्हणतात, हे मला नंतर कळलं. काकू तो घालूनच भाजी आणायच्या, तो घालूनच नदीवर रामघाटाला जायच्या आणि थंडीत तोच डोक्यावरून घ्यायच्या. उज्जैनमधल्या नानाखेड्याच्या आमच्या गल्लीत त्यांना सगळे 'अफ्रीकावाल्या काकू' म्हणत. हिंदी शेजारी 'अफ्रीकावाली आंटी'.

काकू मूळच्या उज्जैनच्याच. पूर्वज कधीकाळी दरबारच्या दफ्तरात कारकून होते, एवढंच त्या सांगत, तेही कुणी खोदून विचारलं तर. लग्न झालं गणिताच्या मास्तरांशी. मास्तरांना टांझानियातल्या सरकारी शाळेत नोकरी लागली आणि हळद उतरायच्या आत काकू इरिंगा नावाच्या डोंगरावरच्या गावी जाऊन पोचल्या. पुढे त्याही तिथे लहान मुलांना शिकवू लागल्या. तारुण्य तिथेच गेलं, मास्तरही तिथेच गेले. मूलबाळ नव्हतं. परतल्या त्या केस पांढरे झाल्यावर, त्या घड्याळासकट.

तिकडे लोक तास मोजतात ते सूर्य उगवल्यापासून. आपले सकाळचे आठ म्हणजे त्यांचे दोन. हे काकूंना कुणी सांगितलं नव्हतं. नव्या नव्या असताना त्यांनी शेजारणींना जेवायला बोलावलं. भाषा जेमतेम येत होती, पण आकडे घोकून ठेवले होते. ऐटीत सांगितलं, उद्या दोन वाजता या. दुसऱ्या दिवशी सकाळी आठ वाजता दारात बायकांचा घोळका, ठेवणीतले कपडे घालून, हसतमुख उभा. काकूंच्या तोंडात दात घासायचा ब्रश.

"मग काय केलंत?" मी विचारलं.

"काय करणार? तोंड धुतलं आणि भजी तळायला घेतली. त्या पण आल्या आत, एकीने कांदे चिरले, एकीने माझे केस विंचरून दिले. दुपारी जेवूनच गेल्या. मग मी घड्याळच फिरवून टाकलं. म्हटलं, एवढं मोठं गाव बदलण्यापेक्षा एक काटा बदलणं सोपं."

गाव सोडून उज्जैनला आल्यावर तो काटा परत फिरवावा, असं मात्र त्यांना वाटलं नाही. मी भाडेकरू झालो आणि 'संध्याकाळी एकला चहाला या' असल्या निमंत्रणांची मला सवय झाली.

काकूंची दुसरी खोड म्हणजे विचारपूस. कामाचं बोलणं त्या सरळ कधी सुरू करायच्याच नाहीत. रिक्षात बसल्या की कुठे जायचं ते सांगायच्या आधी रिक्षावाल्याला रात्रीची झोप, घरची तब्येत, आईचे गुडघे, मुलांची शाळा, सगळं विचारायच्या. त्याचं उत्तर ऐकून झालं की मग त्यानेही आपल्याला विचारावं म्हणून थांबायच्या. तो बिचारा मागे वळून बघत राहायचा. नवीन असला तर म्हणायचा, "आंटी, जाना कहाँ है, वो तो बोलो." काकूंना याचं मनापासून वाईट वाटायचं.

एकदा त्या आमच्या बँकेत आल्या. काउंटरवर मी, मागे रांग, आणि काकू मला विचारतायत, झोप झाली का, बायकोची सर्दी गेली का, साताऱ्याहून आईचा फोन आला का. आम्ही एकाच घरात वरखाली राहतो, सकाळीच जिन्यात हे सगळं विचारून झालेलं. मी हळूच म्हटलं, "काकू, मागे लोक आहेत." त्यांनी मागे वळून बघितलं आणि पाठच्या माणसाला विचारलं, "भैया, आप कैसे हैं? घर पे सब ठीक?" रांगेतला तो माणूस चांगला तापलेला होता. पण खरं सांगतो, त्याचा चेहरा बघता बघता सैल पडला आणि तो आपल्या वडिलांच्या मोतीबिंदूबद्दल सांगायला लागला. माझ्या डोळ्यांदेखत माझी रांग बसली, गप्पा मारायला लागली.

रामघाटावरही तेच. मास्तरांच्या तिथीला त्या पंडितजींकडे जायच्या. गर्दीच्या दिवशी पंडितजी एका यजमानाचा संकल्प सांगता सांगता दुसऱ्याच्या हातावर पाणी सोडत असत. काकू समोर बसून म्हणायच्या, "मंत्र बाद में पंडितजी, पहले बताइए, रात को नींद आई?" पहिल्या वर्षी ते वैतागले म्हणे. मी बरोबर गेलो त्या वर्षी मात्र त्यांनी काकूंना लांबूनच बघितलं, हातातलं काम मुलाकडे दिलं, चटई झटकली आणि कुणीही विचारायच्या आधीच सुरू झाले, "अरे माताजी, क्या बताऊँ, कमर का दर्द तो..."

"तिकडे रस्त्यात कुणाशी आधी विचारपूस न करता काम बोललं न, तर लोक समजतात हा भांडायला आला," काकू म्हणायच्या. "मी सुरुवातीला दुकानात जाऊन सरळ साखर मागायची. दुकानदार घाबरून बघायचा माझ्याकडे."

आणखी एक शब्द त्यांनी तिकडून आणला होता. पोले. कुणाला ठेच लागली की पोले. दूधवाल्याने कॅन उचलला की पोले. मी बँकेतून थकून आलो की जिन्याखालून पोले. मला आधी वाटलं, माफी मागतायत. "माफी नाही रे," काकू म्हणाल्या, "तुला त्रास झाला ते मी पाहिलं, एवढंच." तिकडे रस्त्यात पहिल्यांदा पाय मुरगळला तेव्हा अनोळखी माणसांनी चारी बाजूंनी पोले, पोले म्हटलं, तर काकूंना वाटलं होतं यांनीच कुणीतरी ढकललं असणार.

अशा बाईच्या घरी राहणं म्हणजे रोज थोडं परदेशात राहिल्यासारखं होतं. त्यांच्याकडे जेवायला बसलं की त्या तांब्या आणि तसराळं घेऊन यायच्या आणि आपल्या हातांवर स्वतः पाणी घालायच्या. वयाने आईसारख्या बाईने आपले हात धुवायचे म्हणजे मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. मग मक्याच्या पांढऱ्या पिठाचा घट्ट गोळा आणि पालेभाजी. माझी बायको त्याला उकडीचा सासरा म्हणायची. काकू खुशीत हसायच्या.

गल्लीत काकूंची ही लांबलचक विचारपूस टाळायला लोक फोनवर बोलत असल्याचं नाटक करत. टाळत नव्हत्या त्या फक्त समोरच्या घरातल्या आजी.

समोरचं घर आबांचं. आबा पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले, जुन्या उज्जैनकर मराठी घराण्यातले, ताठ आणि तुटक. घरात ते, आजी, चाळिशीतला मुलगा आणि सून. आजी दम्याने बेजार असायच्या, घराबाहेर फारशा पडत नसत. पण रोज सकाळी त्या आपल्या फाटकाशी यायच्या, काकू आपल्या फाटकाशी, आणि मधल्या रस्त्यावरून दोघींची विचारपूस चालायची. झोप झाली का, खोकला कसा आहे, आबा रागावले का, काल काय केलं होतं. मधून सायकली जायच्या, गाई जायच्या, स्कूलबस जायची. ती गेली की वाक्य तुटलं तिथून पुन्हा सुरू. मी स्कूटर बाहेर काढताना रोज बघायचो. दोघींपैकी एकीनेही कधी रस्ता ओलांडला नाही, आणि मला वाटतं दोघींना जगात त्याहून जवळचं कुणी नव्हतं.

आता जे घडलं ते समजायला एक रिवाज सांगायला हवा. आमच्या साताऱ्याकडे कुणाचं माणूस गेलं की लोक भेटायला जातात. उज्जैनचे मराठी लोक 'बसायला' जातात, हिंदीतलं 'बैठने जाना' तसंच्या तसं उचललेलं. शब्द वेगळा, रीत आपलीच. जायचं, जरा वेळ टेकायचं, चहापाणी घ्यायचं नाही. निघताना 'येतो' म्हणायचं नाही, कारण त्या घरात पुन्हा अशा कारणाने यायची पाळी नको. मुकाट्याने उठायचं आणि घरी येऊन अंघोळ करायची. हे कुणी शिकवत नाही. सगळ्यांना ठाऊक असतं.

काकू मात्र दिवसभर बसायच्या. गल्लीत कुणाचंही माणूस गेलं, ओळख असो नसो, काकू सकाळी बगलेत चटई घेऊन निघाल्याच. कोपऱ्यात बसायच्या, बोलायच्या नाहीत, उपदेश करायच्या नाहीत. दुपारी घरून वरणभात घेऊन जायच्या आणि तिथल्या बायकांबरोबर स्वतःही जेवायच्या. गल्लीतली घरं बहुतेक हिंदी, लोक एकमेकांकडे बघायचे आणि म्हातारं माणूस म्हणून सोडून द्यायचे.

चैत्रात आबांचा मुलगा गेला. हृदयविकाराचा झटका, दवाखान्यात नेईपर्यंत संपलं सगळं. काकू चटई घेऊन गेल्या. सून भिंतीला टेकून बसली होती, पाणीसुद्धा घेत नव्हती. आबांची धाकटी बहीण देवासहून आली होती, तिला सगळे आत्या म्हणत. आत्या आल्या-गेल्याला सगळी हकीकत पहिल्यापासून सांगत होती आणि सून ती प्रत्येक वेळी ऐकत होती. काकूंनी दुपारी ताटात भात कालवला, सुनेच्या तोंडाशी एक घास धरला, दुसरा स्वतः खाल्ला. एकाच ताटात. बायकांच्या भुवया वर गेल्या. संध्याकाळी काकू उठल्या, दारात उभ्या राहिल्या आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात सुनेला म्हणाल्या, "मी उद्या परत येते."

माझी बायको तिथे होती. ती म्हणाली, खोलीतला पंखासुद्धा बंद पडल्यासारखं झालं. आत्या फाडकन म्हणाली, "अहो, काय बोलून राहिल्या आहात तुम्ही? काही समजतं की नाही?"

काकू दुसऱ्या दिवशी गेल्या. तिसऱ्या दिवशीही. आणि रोज निघताना तेच वाक्य.

महिना उलटायच्या आत आजी गेल्या. दम्याच्या बाईला मुलाचं जाणं झेपलं नाही, कुणालाही कळेल अशी गोष्ट. पण आत्याने तर्जनी रस्त्यापलीकडे रोखली. "हिनेच बोलावून आणलं. येते, येते करत होती न रोज? आली बघा."

दुसऱ्या दिवशी सकाळी काकू चटई घेऊन निघाल्या तेव्हा आबा फाटकात उभे होते. मी वरच्या गॅलरीत होतो.

"वहिनी, आत यायचं नाही," आबा म्हणाले. आवाज चढवला नव्हता, त्यामुळे जास्त लागला. "रोज बोललात, तेवढं पुरे झालं. माझ्या घरात आता उरलंच कोण आहे?"

मला वाटलं, काकू परत फिरतील. त्या फाटकापासून दोन हात बाजूला सरकल्या, कडुनिंबाखाली रस्त्याच्या कडेला चटई अंथरली आणि बसल्या. कांगा डोक्यावरून घेतला. उन्हं तापायला लागली होती.

दिवसभर बसल्या. संध्याकाळी उठल्या, गुडघे चोळले, बंद फाटकाकडे तोंड करून म्हणाल्या, "मी उद्या परत येते." आणि रस्ता ओलांडून घरी आल्या.

मी जिन्यात वाट बघत थांबलो होतो. माझा स्वभाव तापट, मी बोललोच. "काकू, तुम्ही काही विलायतेत जन्मलेल्या नाहीत. इथल्याच आहात. 'येते' म्हणू नये हे तुम्हाला माहीत नाही का? त्यांना त्रास होतो तर कशाला म्हणायचं?"

त्या पायरीवर बसल्या. मीही बसलो. मग त्यांनी इरिंगाची ती गोष्ट सांगितली.

तिकडे गेल्यावर पहिल्याच वर्षी शेजारणीचं तान्हं बाळ गेलं. काकू गेल्या. आपल्याकडे जातात तशाच गेल्या. जरा वेळ टेकल्या, पुढे केलेलं अन्न नको म्हटलं, मुकाट्याने उठून आल्या. घरी येऊन डोक्यावरून अंघोळ केली आणि अंगणात उभ्या राहून केस वाळवले. कुंपण नव्हतंच मध्ये. शेजारच्या अंगणात चटयांवर बसलेल्या पन्नासएक बायकांनी ते बघितलं.

"दुसऱ्या दिवसापासून गावाने मला विचारणं बंद केलं," काकू म्हणाल्या. "झोप झाली का, कशी आहेस, काही नाही. बाजारात जा, विहिरीवर जा, सगळ्या तोंडं फिरवून उभ्या. जिथे कुत्र्याला पण हाक मारतात त्या गावात मी महिनाभर हवा होऊन फिरले. आणि मला समजेचना की झालं काय. शेवटी एक म्हातारी आली, दात नव्हते तिला. म्हणाली, तू आमचं अन्न नाकारलंस, म्हणजे तुला ते मूल गेल्याचं वाईट वाटलं नाही. तू आमचं दुःख पाण्याने धुऊन टाकलंस, आमच्या डोळ्यांसमोर. आणि उठून गेलीस ती चोरासारखी. उद्या येणार की नाही, ते पण सांगितलं नाहीस."

मी एक पायरी खाली सरकलो.

"मग मी गेले. महिना झाला होता, तरी गेले. त्या आईजवळ बसले. तिने काही म्हटलं नाही, उकडलेले राजमे पुढे ठेवले. मी खाल्ले. निघताना म्हटलं, उद्या येते. ती पहिल्यांदा रडली माझ्यासमोर." काकूंनी कांग्याने तोंड पुसलं. "पुढे आमचे मास्तर गेले न, तेव्हा माझं कोण होतं तिथे? ना सासर, ना माहेर. पण त्या बायकांनी माझ्या घरातल्या खुर्च्या बाहेर काढल्या, चटया घातल्या आणि राहायला आल्या. मला एकटीला पाणी पण पिऊ दिलं नाही. घरी जाणारी प्रत्येक जण जाताना माझा हात धरून म्हणायची, उद्या येते. त्या एका वाक्यावर मी रात्र काढायची. आता तू सांग, इथे त्या पोरीला येऊन जाऊन सगळे भेटले, पण उद्याचं कुणी म्हटलं का तिला?"

मी उठलो आणि छत्री शोधून त्यांच्या दाराशी ठेवली.

पण काकूंचं खरं म्हणणं गल्लीला कोण सांगणार? गल्लीने आत्याचं ऐकलं होतं. ज्यांना पूर्वी काकूंची विचारपूस नको असायची त्यांना आता आयतं कारण मिळालं. दूधवाला भांडं दारात ठेवून निघून जायचा. भाजीवाली दोन घरं सोडून हाळी द्यायची. शेजारीण फाटक लावून घ्यायची, आवाज होईल असं. मला आतून भीती वाटायला लागली. या वयात, मागे-पुढे कुणी नसताना, शेजार तुटला तर ही बाई जगणार कशावर? दुसऱ्या कुणाचं ठीक होतं. हिला विचारपुशीवाचून अन्न गोड लागत नव्हतं. इरिंगातला तो महिना ती पुन्हा भोगत होती, आणि या वेळी चूक कळवायला येणारी म्हातारीही नव्हती.

काकू रोज बसत होत्या. उन्हाच्या झळा मारायच्या, रस्त्याचं डांबर मऊ पडायचं. बसस्टँडकडे जाणारे थांबून बघायचे. एक रिक्षावाला रिक्षा बंद करून विचारायला आला, "अम्मा, धरने पे बैठी हो क्या? पानी की लाइन का मामला है?"

"नहीं भैया," काकू म्हणाल्या, "बैठने आई हूँ. तुम्हारे घर पे सब ठीक?"

एका सकाळी आत्याने ओटा धुवायला काढला आणि बादलीच्या बादली फाटकाबाहेर अशी लोटली की पाण्याचा लोंढा सरळ चटईखाली गेला. मी गॅलरीतून ओरडणार होतो. काकू उठल्या, चटई उचलून कोरड्या जागी सरकवली, मग वर बघून आत्याला म्हणाल्या, "पोले. भरलेली बादली फार जड असते." ते टोमणा मारून म्हटलं असतं तरी मी समजू शकलो असतो. त्यांना खरंच बादली जड वाटली होती. मी गॅलरीचा कठडा धरून उभाच राहिलो. असं माणूस मी पूर्वी कधी पाहिलं नव्हतं आणि नंतरही पाहिलं नाही.

आजींचं तेरावं झालं. गाड्या निघाल्या. आत्या देवासला गेली. समोरच्या घरातली गडबड थांबली, दारं लागली आणि मला हायसं वाटलं की आता तरी हे संपलं. दुसरा दिवस रविवार. चहाचा कप घेऊन गॅलरीत आलो तर काकू चटई अंथरत होत्या.

मी चप्पल न घालताच खाली गेलो. "काकू, आता पुरे. सगळे गेले."

"म्हणून तर," त्या म्हणाल्या. "आतापर्यंत घर भरलेलं होतं न."

तेवढ्यात समोरचं दार उघडलं. आबा काठी टेकत फाटकापर्यंत आले. दाढी वाढलेली, सदऱ्याची बटणं खालीवर लागलेली. आबांना असं कुणी कधी पाहिलेलं नव्हतं. मला वाटलं, आता शिव्या बसणार.

"वहिनी, कार्य झालं," आबा म्हणाले. "आता उठा. लोक तमाशा बघून राहिले आहेत."

काकू उठल्या नाहीत.

"कुणासाठी बसून राहिल्या आहात तुम्ही? सुनेसाठी? तिला मी बघेन. माझ्यासाठी? मला कुणाची जरूर नाही. सांगा न, कुणासाठी?"

आणि काकूंचा आवाज, जो इतक्या दिवसांत मी एकदाही हललेला ऐकला नव्हता, तो फाटला. "आबा, माझी मैत्रीण गेली. माझी. इतकी वर्षं रोज सकाळी मी तिचं तोंड बघत होते. तुमच्या घरी सगळे आले, तुमच्याजवळ बसले, सुनेजवळ बसले. माझ्या घरी कुणीच आलं नाही. येणार कसं? माझं कुणी गेलं असं लोकांना कुठे माहीत आहे? मी तिच्यासाठी कुठे बसू, सांगा. आत नाही तर नाही. पण कुठे तरी तर बसू द्या मला."

मी तिथे उभा होतो आणि हे माझ्याही डोक्यात कधी आलं नव्हतं. आम्ही सगळे समजत होतो की काकू कुणाला तरी धीर द्यायला बसल्या आहेत, नाहीतर हट्टाला पेटल्या आहेत. त्यांचंही कुणी मेलं होतं.

आबांनी फाटकाची कडी काढली. बाहेर आले, कडुनिंबाच्या बुंध्याला हात टेकला आणि हळूहळू, सांधे कुरकुरत, खाली जमिनीवर बसले. काकूंनी चटईवर जागा केली. आबांनी काठी बाजूला ठेवली, दोन्ही तळहात तोंडावर घेतले आणि मुलाच्या वेळी नाही, बायकोच्या वेळी नाही, ते त्या वेळी भर रस्त्यात हंबरडा फोडून रडले. स्मशानातही ज्यांच्या डोळ्यांतून टिपूस आलं नाही म्हणून गल्ली कौतुक करत होती, ते आबा. काकूंनी त्यांना हातसुद्धा लावला नाही. समोर रस्त्याकडे बघत त्याही रडत होत्या.

थोड्या वेळाने सून दारात आली. सासऱ्यांना रस्त्यावर बसलेलं बघून धावत आली, उठवायला वाकली, आणि मग तीही बसली. चटई अपुरी पडत होती. मी घरात गेलो, आमची सतरंजी आणून दिली. माझी बायको तिच्यावर बसली. दुपारी कुणी कुणाला विचारलं नाही, बायकोने वर जाऊन वरणभात आणला आणि सगळ्यांनी कडुनिंबाखाली खाल्ला. सावली सरकली की सगळे सरकायचे. भाजीवाली गाडी घेऊन आली, लांबूनच थबकली, मग गाडी कडेला लावून तीही जरा वेळ टेकली.

ऊन उतरलं तसं काकूंनी सवयीने गुडघे चोळले. बुंध्याचा आधार घेऊन उभ्या राहिल्या, चटई झटकली, घडी केली, बगलेत घेतली. मग रोजच्यासारख्या समोरच्या घराकडे वळल्या. त्यांनी तोंड उघडलं, पण आबा त्यांच्या आधी बोलले. मान खाली होती, आवाज बसलेला होता.

"वहिनी, उद्या या. आत येऊन बसा."

काकूंनी नुसती मान हलवली आणि त्या रस्ता ओलांडून घरी आल्या.